पडदेवाल्याचं माप

दुकानात ती कुणालाच उंची विचारायची नाही. गिऱ्हाईक आत आलं की तिचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं.

"चपला काढा, बसा आणि डोळे मिटा."

"अहो बाई, खुर्ची घ्यायला आलोय, ध्यानाला नाही," असं कुणीतरी म्हणायचंच.

"मिटा हो. डोळे उघडे असले की माणूस रंग बघत बसतो. मिटले की पाठ बोलायला लागते."

मग ती गुडघ्यावर बसायची आणि गिऱ्हाईकाच्या गुडघ्याखाली तळहात सरकवायची. हात अंगाला लागून गेला तर बैठक बरोबर. हात आत नुसता हिंडला तर खुर्ची मोठी, आत शिरलाच नाही तर लहान. त्यानंतर मानेच्या खळगीत दोन बोटं. मग ती खुर्चीच्या बाजूचा खटका ओढायची. पायाखालची फळी वर यायची, पाठ मागे जायची आणि तिची नजर गिऱ्हाईकाच्या जबड्यावर खिळायची. जबडा सैल पडला की खुर्ची सापडली. तोवर ती उठवायची, दुसऱ्या खुर्चीत बसवायची, परत उठवायची. माणसं शेवटी दमूनच खुर्ची घ्यायची, असं दुकानाचे शेठ म्हणायचे. पण तिनं बसवलेली खुर्ची कधी परत आली नाही, हेही तेच सांगायचे, अर्थात ती समोर नसताना.

मोठ्या घरांत तिचा जीव रमायचा नाही. ऐसपैस हॉलमध्ये कसलीही खुर्ची ठेवा, बसतेच. तिला आवडायच्या त्या लहान खोल्या, कपाटाचं दार उघडलं की खोलीचं लागत नाही अशा. तिथं पसरणारी खुर्ची बसवायची म्हणजे डोकं लागतं. लोक मागची भिंत मोजतात, पाठ टेकायला जागा आहे ना, एवढंच बघतात. हल्लीच्या खुर्च्या पसरताना पुढे सरकतात, त्यांना मागे वीतभर जागाही पुरते. घोळ होतो तो पुढे, पायांपाशी. म्हणून ती वर्तमानपत्रांचे दोन तुकडे कापून न्यायची, एक मिटलेल्या खुर्चीच्या आकाराचा, एक पसरलेल्या. ते जमिनीवर चिकटवायचे आणि घरमालकाला म्हणायचं, "आता दार उघडून दाखवा." निम्म्या घरांत दारानं कागद फाटायचा. मग ती कंबर कसून उभी राहायची. खुर्ची तिरकी करू, बारक्या हातांची घेऊ, कोपऱ्यातलं टेबल हलवू. खोलीतून जागा काढायची तिला नशाच होती.

अशाच एका कामावर तिला पडदेवाला भेटला. लोकांच्या घरी सिनेमाची खोली करून द्यायचा तो. पडदा लावायचा, स्पीकर बसवायचा, तारा भिंतीत लपवायचा. ती कागद चिकटवत होती आणि तो शिडीवर उभा होता.

"ओ मापवाल्या बाई," तो वरून म्हणाला, "तुमची पुढची रांग माझ्या पडद्याच्या नाकाला लागलीय."

"मग पडद्याला म्हणावं, नाक आवर."

"इथून माणसाला हिरोचा नुसता कान दिसेल."

"आणि मागे घेतलं तर मागच्या रांगेचे पाय पुढच्यांच्या मानेत. त्यांनी पाय ठेवायचे कुठे? तुमच्या डोक्यावर?"

"ठेवू दे की. मोठं आहे."

मोठं होतंच. त्याचं सगळंच मोठं होतं. दारातून तो तिरका होऊन आत यायचा, शिडी त्याच्याखाली कण्हायची. भांडण मिटेना तेव्हा ती म्हणाली, "बसा इथं, डोळे मिटा." तो बसला. तिनं गुडघ्याखाली हात घातला, तो शिरलाच नाही. मानेशी बोटं नेली तर मान खुर्चीच्या वर.

"या खोलीत कुठलीच खुर्ची तुम्हाला होणार नाही."

"खोलीचं जाऊ द्या," डोळे मिटूनच तो म्हणाला, "तुमच्या दुकानात आहे का एखादी?"

होती. सगळ्यात मोठी, मागच्या कोपऱ्यात पडून असलेली. ती बघायच्या निमित्तानं तो इतक्यांदा दुकानात आला, की शेवटी शेठच म्हणाले, "एक तर खुर्ची न्या, नाही तर बाईंना न्या." त्यानं खुर्ची काही नेली नाही.

लोकांसमोर ती त्याला 'अहो' म्हणायची, घरात 'अरे'. तो सगळीकडे तिला मापवालीच म्हणायचा. दोन खोल्यांचं घर. आतल्या खोलीची एक भिंत त्यानं पांढरी रंगवली, लोकांच्या कामांतून उरलेले स्पीकर टांगले आणि दारावर खडूनं लिहिलं, 'थिएटर'. प्रेक्षक दोन. बसायला पलंग. इतकी वर्षं दुनियेला खुर्च्यांत बसवणाऱ्या बाईच्या घरात प्लास्टिकचं एक स्टूल होतं, तेही आंघोळीचं. "आपण कधी घ्यायची?" असं तो अधूनमधून विचारायचा. "पलंग आहे की," म्हणून ती उशी भिंतीला टेकवायची आणि त्याच्या दंडावर डोकं ठेवून सिनेमा संपायच्या आत झोपून जायची. मूलबाळ झालं नाही. त्याची बहीण दोन गल्ल्या सोडून राहायची, तीच त्यांची हक्काची माणूस.

मग तो आजारी पडला. दवाखान्याच्या वाऱ्या झाल्या, सुया झाल्या, नळ्या झाल्या. शेवटी डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवले आणि चष्मा काढला. डॉक्टर चष्मा काढतात तेव्हा काय असतं, हे एव्हाना तिला कळायला लागलं होतं.

"आता त्यांना घरी न्या. त्रास कमी कसा होईल एवढंच बघू. आडवं झोपवू नका, धाप लागेल. बसल्या बसल्या झोप लागेल अशी काहीतरी सोय करा."

ती एकदम हसली. डॉक्टर बघतच राहिले.

"डॉक्टर, हे माझं खातं आहे."

बाकी कशातच तिचं काही चालणार नव्हतं. छातीत साचणाऱ्या पाण्यापुढे तिचं काय चालणार? पण माणसाला बसवून झोपवणं हे तर तिचं रोजचं काम. एवढं तरी ती त्याला देऊ शकत होती, सुखाची झोप, आपल्या घरात, आपल्या भिंतीसमोर. तिनं पदर खोचला.

शेठ म्हणाले, "कुठली काढू?"

"सगळ्यात मोठी. भिंतीला लागून बसणारी. खटक्याची, आणि स्प्रिंग कडक करून द्या. ह्यांचं वजन सांभाळायला पाहिजे."

"बटणाची ने ना. नुसतं बोट लावलं की उठवते."

"विचारलं त्यांना. म्हणतात, बटण दाबून वर यायला मी काय लिफ्ट आहे?"

शेठ हसले. मग म्हणाले, "माप घेतलंस का गं पण?"

"शेठ! नवऱ्याचं माप? झोपेत सांगीन."

पलंग नणंदेकडे गेला. त्या जागी कागद चिकटवले. खुर्ची पसरली की तिच्यात आणि भिंतीत एक चिंचोळी पट्टी उरत होती, तिथं तिची गादी. नणंद दारात उभी राहून बघत होती.

"वहिनी, फार मोठी नाही का होणार ही?"

"तुमच्या भावाला लहान चालेल का, वन्सं? कुर्ता शिवायला दिला तर शिंपी दोनदा विचारायचा, माणसाचा आहे की खिडकीचा."

"तेव्हाचं झालं ते," नणंद म्हणाली. मग तिनं उगाच पदरानं तोंड पुसलं आणि ती ओट्यापाशी भांडी लावायला गेली.

खुर्ची आली. दोघींनी धरून त्याला बसवलं. तो म्हणाला, "राजा झालो की," आणि हसला, आणि हसताना धाप लागली म्हणून थांबला. मानेची उशी त्याच्या टाळूला लागत होती. तिनं शाल घडी करून मानेखाली घातली. गुडघे आखडलेले, त्यामुळे टाचा फळीच्या कडेपर्यंत पोचत नव्हत्या, बैठकीची कड पोटरीला रुतत होती. तिथं एक उशी. दोन्ही बाजूंना हात टेकेनात, म्हणून आणखी दोन. दुकानात कुणी खुर्चीला उशा लावताना दिसलं असतं तर तिनं त्याला फाडून खाल्लं असतं. 'उशी लागली म्हणजे खुर्ची चुकली,' असं नव्या पोरींना ती दटावून शिकवायची. घरी मात्र म्हणाली, "होईल हळूहळू अंगवळणी."

"कुणाच्या?" त्यानं विचारलं.

"गप रे."

चार दिवस तसेच गेले. तो झोपायचा, खाली घसरायचा, ती काखेत हात घालून वर ओढायची. सोपं जायचं वर ओढणं. इतकं सोपं कसं, हे तिनं स्वतःला विचारलं नाही. रोज अंग पुसायची ती त्याचं, रोज हात फिरायचा पाठीवरून, बरगड्यांवरून. पण तो बायकोचा हात होता. मापवालीचा हात ती दुकानात ठेवून येत होती.

त्या दिवशी ती दुकानातून परतली तेव्हा अजून उजेड होता. बाहेरच्या खोलीत कुणी नव्हतं. आतून सिनेमाचा आवाज येत होता. पांढऱ्या भिंतीवर कुणीतरी कुणाचा तरी पाठलाग करत होतं आणि समोर तो खुर्चीत आडवा, पाय वर, दोन्ही हातांनी खुर्चीचे हात घट्ट धरून. कपाळ घामानं चिंब.

"वन्सं कुठायत?"

"औषधाच्या दुकानात. रांग असेल. मीच म्हटलं, सावकाश ये."

"तू असा काय धरून बसलायस?"

"ही सोडेना गं मला," तो म्हणाला. "प्रेमात पडली बहुतेक."

मग तिला वास आला. खाली बघितलं तर बैठक ओली, पायजमा ओला, फळीवरून थेंब जमिनीवर. शेजारी मोरीत जायचं म्हणजे चार पावलं. त्यासाठी पायांनी फळी खाली दाबायची, तीच त्याला दाबता आली नव्हती.

"हाक मारायची ना! शेजारी आहेत, भिंतीवर ठोकायचं."

"मारली. हे काय, एवढे लोक पळतायत भिंतीवर, एकानंही वळून बघितलं नाही."

ती हसली नाही. दोन्ही हातांनी तिनं फळी दाबली. फळी हलेना. कडक स्प्रिंग, भरभक्कम पोटऱ्यांच्या माणसासाठी तिनंच मागितलेली. शेवटी तिनं गुडघा टेकवून सगळा भार टाकला, तेव्हा खाडकन आवाज करून खुर्ची मिटली आणि तो पुढे तिच्या अंगावर आला. ती तोल सावरायला सज्ज होती. इतक्या वर्षांची सवय, तो अंगावर रेलला की पाय रोवायचे. तिनं पाय रोवले. वजन आलंच नाही.

मोरीत स्टुलावर बसवून तिनं त्याला गरम पाण्यानं धुतलं, कोरडं केलं, स्वच्छ कपडे घातले. ती टॉवेल पिळायला वळली तेव्हा तो म्हणाला,

"मापवाले, माप घे."

"घेतलंय."

"कधी?"

ती टॉवेल पिळतच राहिली. त्यात पाणी उरलं नव्हतं.

"त्या शिडीच्या दिवशी ना?" तो म्हणाला. "तो माणूस गेला गं. आता मी आलोय दुकानात. मला बसव की." आणि त्यानं खरंच डोळे मिटले.

ती त्याच्यासमोर गुडघ्यावर बसली. ओल्या फरशीवर. तळहात त्याच्या गुडघ्याखाली सरकवला. तो गेला आणि जातच राहिला, मनगटापर्यंत. मांडी हातात आली ती शाळकरी पोराची असावी तशी. तिनं पाठीच्या मणक्यावरून बोटं वर नेली, एकेक मणका वेगळा लागत होता. मानेची खळगी तिला वाटत होती तिथं नव्हतीच, पाठीला पोक येऊन बरीच खाली आली होती. दोन बोटं तिथं ठेवून ती थांबली. खांद्याची रुंदी आपल्या वितेनं मोजली. परत मोजली, कारण चुकली असणार असं वाटलं. चुकली नव्हती.

"ताई," मिटल्या डोळ्यांनीच त्यानं गिऱ्हाईकाचा आवाज काढला, "आमच्या मापाचं आहे का हो काही?"

"आहे."

"कुठली?"

दुकानात तीन मापं होती. सगळ्यात लहान ती माळ्यावर असायची, म्हाताऱ्या बारक्या बायकांसाठी कधीमधी खाली उतरवायचे.

"माझ्या मापाची," ती म्हणाली.

त्यानं डोळे उघडले. मग म्हणाला, "चांगलंय की. म्हणजे जागा उरेल. शेजारी दुसरी बसेल, तुझी. थिएटर म्हटल्यावर दोन खुर्च्या नकोत?"

"मला नको ती जागा!"

ती इतक्या मोठ्यानं ओरडली की मोरीत आवाज घुमला. बाहेर दार वाजलं होतं, नणंद औषधं घेऊन आली होती, ती जागच्या जागी थबकली.

"नको मला. ती तुझी जागा आहे. तू परत अंगानं भरशील, तेव्हा लागेल. तिथं मी काही ठेवणार नाही, स्टूलसुद्धा नाही. झाडणार आणि मोकळी ठेवणार."

"मापवाले. गिऱ्हाईकाला खोटं सांगतेस?"

"तू गिऱ्हाईक नाहीस."

"मग नवऱ्याला सांगतेस?"

तिनं त्याच्या गुडघ्यांवर डोकं टेकलं. हाडं कपाळाला लागली. तो तिच्या केसांतून हात फिरवत राहिला आणि नणंदेनं बाहेरच्या बाहेर सिनेमा बंद केला.

थोड्या वेळानं तिनं तोंड धुतलं आणि शेठना फोन लावला.

"शेठ, खुर्ची चुकली."

"तुझी? काय सांगतेस! लहान पडली होय?"

"मोठी पडली."

वापरलेला माल परत घेत नाही ही पाटी शेठनीच रंगवून घेतली होती, पण तिची आठवण त्यांनी काढली नाही.

"माळ्यावरच्या दोन पाठवा," ती म्हणाली. "बटणाच्या."

"दोन?"

"दोन. आमच्या दोघांना."

"सकाळीच टेम्पो सोडतो," शेठ म्हणाले, आणि मग अगदी हळू, "तू येऊ नकोस गं काही दिवस. पोरी बघतील दुकानाचं."

सकाळी टेम्पोवाल्यांनी मोठी खुर्ची तिरकी करून बाहेर काढली आणि दोन लहान आत आणल्या. तिनं या वेळी कागद चिकटवले नव्हते. आपली खोली तिला नव्यानं बघायची नव्हती.

"ताई, साहेबांची कुठली?" टेम्पोवाल्यानं विचारलं.

"कुठलीही ठेव. दोन्ही एकच आहेत."

"मी दाराकडची घेतो," बहिणीच्या खांद्याला धरून उभा असलेला तो म्हणाला.

"का रे?"

"मला आधी उठून जायचंय ना. तुझे पाय ओलांडत कुठे जाऊ?"

नणंदेनं तोंड फिरवलं. टेम्पोवाल्याला कळेना, हसावं की नाही. ती मात्र पुढे आली, त्याला दंडाला धरलं आणि भिंतीकडच्या खुर्चीत नेऊन बसवलं. मानेची उशी मानेला लागली. टाचा कडेला पोचल्या. तिनं त्याचं बोट बटणावर ठेवलं, पाठ सावकाश मागे गेली, पाय वर आले. कुठंही उशी लागली नाही. ती त्याच्या जबड्याकडे बघत उभी राहिली. बराच वेळ तो आवळलेलाच होता. मग सुटला. तोंड जरासं उघडं पडलं, श्वास लांब झाला. कित्येक आठवड्यांत असा झोपला नव्हता.

मग ती दाराकडच्या खुर्चीत बसली आणि बटण दाबून पाय पुरते पसरले. फळी थेट दारापाशी गेली आणि दार ढकललं जाऊन बंद झालं. दुसऱ्या कुणाच्या घरी असं झालं असतं तर तिनं खुर्ची उचलायला लावली असती. इथं तिनं आणखी थोडं पसरून घेतलं, फळी दाराला घट्ट टेकेपर्यंत.

नणंद चहा घेऊन आली तर दार उघडेना. तिनं हळूच ढकललं, मग जरा जोरात.

"वहिनी, अगं, दार अडलंय. तुझे पाय आड येतायत."

"माहीत आहे."

"मग काढ ना. आत-बाहेर करायचं कसं कुणी?"

"नाही करायचं, वन्सं," ती कुजबुजत म्हणाली. "झोपलाय तो. राहू दे."